हा माझा

गेटच्या आत पाऊल पडलं की मुकादमांची जीभ बदलायची. घरी ते जावयाला 'जावईबापू' म्हणत, खिडकीजवळची बरी खुर्ची त्याच्यासाठी मोकळी ठेवत, आणि जावयाने पाण्याचा रिकामा पेला स्वतः उचलून आत नेला तर त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होई. साइटवर मात्र तेच सासरे, तोच जावई, आणि हाक काय, तर "ए रंगारी, बुटाची नाडी बांध." तीही साऱ्या गँगसमोर, पाइपांच्या खणखणाटावर चढवलेल्या आवाजात.

रंगारी हे काही त्याचं नाव नव्हे, जुना धंदा. लाकडी घोड्यावर उभं राहून लोकांच्या खोल्या रंगवण्यात त्याचे दिवस मजेत चालले होते. मुकादमांच्या धाकट्या लेकीशी लग्न झालं आणि पाठोपाठ काम आटलं, भाड्याची खोली पाडायला निघाली, आणि दोघं 'थोडे दिवस' म्हणून सासऱ्यांच्या मागच्या खोलीत राहायला आली. थोडे दिवस जसे लांबतात तसे ते लांबले. घरजावई हा शब्द त्या घरात कुणी चुकूनही उच्चारला नाही, आणि म्हणूनच त्याला तो भांड्यांच्या आवाजातसुद्धा ऐकू यायचा. मग एके दिवशी मुकादमांनी भिंतीशी बोलावं तसं, त्याच्याकडे न बघता, गँगमध्ये एक माणूस कमी असल्याचं सांगितलं. त्याने येतो म्हटलं. नाही म्हणायला तोंड होतं कुठे?

मुकादमांची गँग परांची बांधायची. इमारत वर जाताना तिच्याभोवती लोखंडी पाइपांचा आणि फळ्यांचा जो पिंजरा चढत जातो, ती परांची. गवंडी, सुतार, प्लंबर, रंगारी, सगळे तिच्यावर उभे राहून आपापलं काम करतात. ती बांधणाऱ्यांना मात्र उभं राहायला आधी काहीच नसतं. पायाखालची फळी त्यांनीच टाकायची आणि मग तिच्यावर पाय ठेवायचा. असं काम करणाऱ्या माणसांसमोर कुणी टोपी काढून उभं राहत नाही, कारण परांची उतरली की लोक इमारतीकडे बघतात. मला विचाराल तर आधी परांचीकडे बघावं.

या गँगची एक रीत होती. सकाळी शिडीवर पाय ठेवण्याआधी आपला पट्टा आपण तपासायचा नाही. पट्टा म्हणजे खांद्यांवरून आणि मांड्यांभोवती जाऊन छातीवरच्या एकाच बक्कलात अडकणारा तो मजबूत पट्टा, ज्याच्या पाठीवरच्या कडीला दोर आणि हुक असतात. तो घालायचा आणि आपल्या जोडीदाराकडे पाठ करून उभं राहायचं. जोडीदाराने कडी मुठीत धरायची आणि असा हिसका द्यायचा की समोरच्याच्या टाचा उचलल्या पाहिजेत. मग हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली आहे ना, बुटाची नाडी बांधलेली आहे ना, कमरेच्या पान्याला दोरी आहे ना, हे बघायचं. सगळं ठीक असेल तर मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, "हा माझा." म्हणजे आज हा पडला तर मला विचारा. मग पाठी बदलायच्या. ही रीत कुणी घातली, कधी घातली, मुकादम सांगत नसत. ज्याला पट्टा ओढून बघायला कारण लागतं त्याने जमिनीवरच राहावं, एवढंच म्हणायचे.

पहिल्या दिवशी रंगाऱ्याला स्वतः मुकादमांनी ओढलं. त्या हिसक्याने त्याचं हेल्मेट नाकावर आलं, तो दोन पावलं मागे धडपडला आणि गँग खो खो हसली. मुकादम काही हसले नाहीत. हनुवटीचा पट्टा सैल आहे, घट्ट कर, म्हणाले, आणि पुन्हा ओढलं. त्या संध्याकाळी घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं की तुझ्या बाबांनी मला चारचौघांत बैलासारखं ओढलं. बायको लॉन्ड्रीतल्या कामावरून दमून आली होती. तिने गालातल्या गालात हसून सांगितलं की बाबा कुणाला असे ओढतात म्हणजे त्याचे लाड चाललेत असं समजावं. रंगारी त्या रात्री जेवताना फुगूनच बसला होता.

पण डोळे उघडे असलेला माणूस फार दिवस फुगून राहू शकत नाही. मुकादमांना वर काम करताना त्याने पाहिलं आणि त्याचा राग हळूहळू कुठे गेला ते त्यालाही कळलं नाही. साठीला आलेला तो माणूस पाइपावरून पुढे सरकताना एक हुक अडकवल्याशिवाय दुसरा कधी काढायचा नाही. घाई असो, ऊन असो, खालून साहेब हाका मारत असो, आधी एक, मग दुसरा. हुक नेहमी खांद्याच्या वर. वरून खाली काही फेकायचं नाही, खालून वर काही फेकायचं नाही, सगळं दोराने. फळीची दोन्ही टोकं बांधल्याशिवाय ती फळीच नाही, नुसतं लाकूड आहे, असं ते म्हणत. आणि हे सगळं करताना त्यांच्या चेहऱ्यावर भीती नसायची, शौर्याचा आव तर नसायचाच. घरातून निघताना कुलूप लावावं, तितक्या सहजपणे ते हुक लावत.

आणखी एक नियम होता. 'थांबा' कुणीही म्हणावं. म्हटलं की जो जिथे आहे तिथे थांबला पाहिजे, आणि का ते नंतर विचारायचं. एकदा खालून चहावाला थांबा म्हणून ओरडला. वर सगळे जागच्या जागी गोठले. चौकशीअंती कळलं की फळीखाली मांजर अडकल्यासारखं त्याला वाटलं होतं, आणि ते मांजर नव्हतं, कुणाचा तरी जुना मफलर होता. गँगच्या गालांत हसू दाटलं होतं, पण मुकादम खाली उतरले, चहावाल्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुन्हा असं काही दिसलं तर पुन्हा ओरड म्हणाले. मग मात्र हसायची कुणाची हिंमत झाली नाही. रंगाऱ्याने ते पाहिलं आणि त्याला वाटलं, आपला सासरा मोठा माणूस आहे. असं त्याला उघडपणे वाटण्याची ती पहिलीच वेळ.

मुकादमांचा स्वतःचा जोडीदार होता मौनीबाबा. गँगनेच ठेवलेलं हे नाव, कारण तो दिवसभरात 'हा माझा' सोडून फारसं काही बोलत नसे. दोघांची जोडी जुनी, अगदी दोघांचे केस काळे होते तेव्हापासूनची. मौनीबाबा मुकादमांना मागून सणसणीत हिसका द्यायचा, आणि अलीकडे ओढण्याआधी समोर येऊन त्यांच्या छातीवर तळवा दाबून एक थाप मारायचा. म्हातारपणी माया वाढते, असं गँग म्हणायची.

माया घरीही वाढलेली दिसत होती. रोज सकाळी मुकादम उंबऱ्यात उभे राहायचे आणि मामी, म्हणजे रंगाऱ्याच्या सासूबाई, त्यांच्या सदऱ्याची बटणं लावून द्यायच्या. मागच्या खोलीच्या दारातून लेक-जावई ते बघायचे. नवरा बायकोच्या कानाशी लागून म्हणायचा, बघ, शिक काहीतरी. बायको त्याला कोपर मारायची. मामींना चिडवलं तर त्या म्हणायच्या, यांना मेली सदा घाई, बटणं वरखाली लावतात, मग रस्त्यात लोक हसतात. आणि विषय पदराने झटकल्यासारखा झटकून टाकायच्या.

त्या आठवड्यात मोठ्या मुलीच्या बाळंतपणासाठी मामी तिच्याकडे गेल्या. आणि नेमक्या त्याच आठवड्यात मौनीबाबाची अक्कलदाढ सुजली. या वयात अक्कल येतेय म्हणून गँगने त्याची यथेच्छ टिंगल केली, पण गाल असा काही फुगला की तो कामावर येऊ शकला नाही.

सकाळी मुकादम घरातून निघाले तेव्हा त्यांच्या सदऱ्याचं एक बटण चुकलं होतं. एक बाजू वर, एक बाजू खाली, आणि गळ्याशी एक काज रिकामं. रंगाऱ्याला हसू आलं. पण सासऱ्यांना काय सांगणार की तुमची बटणं चुकलीत? बायको असती तर बोलली असती, पण तिची लॉन्ड्री लवकर उघडायची. तो मागोमाग चालत राहिला आणि साइट येईपर्यंत ते विसरूनही गेला.

त्या दिवशी काम होतं कोपऱ्याचं. परांची सरळ भिंतीला लावून नेणं सोपं, पण इमारतीच्या कोपऱ्यावरून ती वळवताना बाहेर झुकून पाइप जोडावे लागतात, आणि तिथे खाली थेट रस्ता दिसतो. कोपरा नेहमी मुकादम स्वतः बांधायचे. शिडीच्या पायथ्याशी त्यांनी गँगवर नजर फिरवली आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "रंगारी, आज तू माझी जोडी."

त्याची छाती फुगली. मुकादमांनी त्याला ओढलं, टाचा उचलल्या, "हा माझा" झालं. मग मुकादमांनी त्याच्याकडे पाठ केली.

ती पाठ त्याने इतक्या जवळून कधी पाहिली नव्हती. मानेवरचे पिकलेले केस, उन्हाने विटलेला सदरा, घामाची जुनी रेघ. हाच माणूस घरी आपल्याला रिकामा पेला उचलू देत नाही. आपण याच्या छपराखाली झोपतो, याचं जेवतो. याला मुठीत धरून हिसका द्यायचा? त्याच्या जिवावर आलं. त्याने कडीत दोन बोटं घातली आणि खिडकीचा पडदा बाजूला करावा तसं हलकेच ओढलं. समोर जाऊन पाहिलं, छातीवरचं बक्कल बंद दिसत होतं. "हा माझा," तो पुटपुटला.

मुकादमांनी मान वळवली होती, आणि ते काहीतरी बोलणार, पुन्हा ओढ म्हणणार, हे नक्की होतं. पण तेवढ्यात पाइपांनी भरलेला ट्रक गेटातून उलटा आत यायला लागला, नेमका शिडीच्या रोखाने, आणि ड्रायव्हरला मागचं काही दिसत नव्हतं. मुकादम हात उंचावून तिकडे धावले. ट्रक थांबवला, ड्रायव्हरला दोन शब्द ऐकवले, मागे एक माणूस उभा केल्याशिवाय गाडी हलणार नाही असं ठरवून दिलं, आणि मग तसेच वर चढले. रंगारी खालच्या टप्प्यावर राहिला. दोराला पाइप बांधून वर पाठवायचे, हे त्याचं काम होतं. वर कोपऱ्यापाशी मुकादमांच्या बरोबर गँगमधला उंच्या होता.

पहिला पाइप वर गेला. दुसरा बांधताना त्याने सहज वर पाहिलं. वारा सुटला होता आणि मुकादमांच्या सदऱ्याची ती खालची, लांब राहिलेली बाजू पट्ट्यातून बाहेर येऊन फडफडत होती. त्याला पुन्हा हसू आलं. मामी घरी नसल्या की काय अवस्था होते बघा, असं तो मनातल्या मनात बायकोला सांगू लागला. आणि सांगता सांगता थबकला.

मामी रोज बटणं लावतात. घाई असते म्हणून? ज्या माणसाने आयुष्यात कधी एक हुक अडकवल्याशिवाय दुसरा काढला नाही, त्याला बटणं लावायची घाई? मुकादम चहाचा पेला हल्ली दोन्ही तळव्यांमध्ये धरतात. परवा क्लॅम्पचा नट त्यांच्या बोटांतून निसटला होता आणि त्यांनी तो निसटलाय हे खाली टण्ण वाजल्यावर ओळखलं होतं. आणि मौनीबाबा ओढण्याआधी समोर येऊन त्यांच्या छातीवर तळवा दाबतो. छातीवर. जिथे बक्कल असतं तिथे.

ते बक्कल आत ढकलायचं असतं, पूर्ण बसलं की खट वाजतं आणि बोटाला कळतं. अर्धवट बसलं तरी बघणाऱ्याला बंदच दिसतं. ते ओळखायचा एकच मार्ग, मागून जोरात ओढणं. आणि ते करायचं काम आज त्याचं होतं.

वर मुकादमांनी हुक अडकवला आणि कोपऱ्यावरून बाहेर झुकायला एक पाय पुढे घेतला.

हुक पक्का होता, दोर पक्का होता, पाइप पक्का होता. पण पट्टाच अंगाला नसेल तर पाय घसरल्यावर दोराला लटकेल तो नुसता पट्टा. हे सगळं त्याला कळलं आणि तरीही त्याच्या तोंडातून शब्द फुटेना. कारण हेही त्याला कळलं होतं, की ओरडल्यावर सगळी साइट बघणार. बक्कल नीट निघालं तर घरजावयाने सासऱ्याची शोभा केली म्हणणार. नीट नाही निघालं तर विचारणार, मग 'हा माझा' म्हणताना तू काय ओढलं होतंस? दोन्हीकडून त्याचंच तोंड काळं होणार होतं. वर मुकादमांच्या पायाने फळीच्या कडेपाशी जागा शोधली.

"थांबा."

तो इतक्या जोरात ओरडला की रस्त्यावरचे लोकही थांबले. वर उंच्या गोठला. मुकादम गोठले, एक पाय पुढे, एक हात पाइपाला. त्यांनी मान वळवून खाली पाहिलं.

"काय झालं?"

"दोन्ही हातांनी पाइप धरा. मागे या." त्याचा आवाज फाटला. "मी नीट ओढलं नव्हतं."

मुकादमांनी खाली छातीकडे पाहिलं. बक्कल बंद दिसत होतं, दिसणारच. हे बंद आहे असं ते म्हणू शकले असते. कामाचा खोळंबा होतोय असं म्हणू शकले असते. मी तुझ्या जन्माआधीपासून हे पट्टे घालतोय, हे तर त्यांना सहज म्हणता आलं असतं, आणि गँगने माना डोलावल्या असत्या. त्यातलं काहीही ते बोलले नाहीत. त्यांनी पुढचा पाय मागे घेतला, दोन्ही हातांनी पाइप धरला, आणि चहावाल्याच्या हाकेला थांबले होते तसेच याच्या हाकेला थांबून, मग उंच्याच्या आधाराने एकेक पायरी उतरत खाली आले.

जमिनीवर आल्यावर त्यांनी याच्याकडे पाठ केली.

"ओढ."

त्याने कडी मुठीत धरली आणि ओढली. टाचा उचलल्या नाहीत. त्याऐवजी छातीवरचं बक्कल सुटलं, खांद्यावरचे पट्टे घसरले आणि सगळा पट्टा त्याच्या हातात लोंबत राहिला. गँगमधल्या कुणीतरी जीभ चावल्यासारखा आवाज केला.

मुकादमांनी पट्टा त्याच्या हातून घेतला, पुन्हा खांद्यांवर चढवला आणि बक्कल लावलं. थांबून विचारलं, वाजलं का? नाही, असं रंगारी हळूच म्हणाला. त्यांनी पुन्हा लावलं, अंगठ्याने दाबलं, अगदी पांढरा पडेपर्यंत दाबलं. वाजलं का? त्याने मान हलवली. मुकादमांनी दोन्ही हात समोर धरले आणि दुसऱ्या कुणाचे असावेत तसे त्यांच्याकडे बघत राहिले.

"मला तर वाजल्यासारखं वाटलं," ते म्हणाले.

मग त्यांनी जे केलं ते करायला कोपरा बांधण्यापेक्षा जास्त छाती लागते, असं माझं मत आहे. ते गँगकडे वळले आणि थंडी सुरू झाल्यापासून आपल्या बोटांच्या टोकांना काही लागत नाही, हे त्यांनी सरळ सांगून टाकलं. आपल्याला वाटलं जाईल, डोळ्यांना दिसतंय तोवर चालेल. ते चुकलं. इथे डोळ्यांनी दिसून चालत नाही हे आपणच सगळ्यांना शिकवलं, आणि स्वतःला सूट दिली. पुन्हा ओढ म्हणायला हवं होतं, ट्रक आला म्हणून तेही राहिलं. आवाज चढवला नाही, पाडलाही नाही. आज पाइप कुठे उतरवायचे हे सांगताना असायचा तसाच होता.

एवढं झाल्यावर त्यांची नजर जावयावर आली.

"आणि तू. हा माझा म्हणालास ना? मग मी होतो कुणाचा?"

रंगाऱ्याने मान खाली घातली. सांगण्यासारखं होतं ते एवढंच, की तुम्ही माझे सासरे आहात, हात उचलला नाही. तेही त्याने कसंबसं सांगितलं.

"मान घरी द्यायचा. इथे हिसका द्यायचा." मग त्यांचा आवाज थोडा खाली आला. "पण थांबा म्हणालास. ते मात्र पोटातून म्हणालास."

त्यांनी पट्टा काढला, त्याची नीट घडी केली आणि खोक्यात ठेवला. आजपासून आपण कोपरा हाताने नाही, तोंडाने बांधणार, असं त्यांनी जाहीर केलं. तोंडाने तर तुम्ही आजवर अर्धं काम केलंच आहे, असं उंच्या म्हणाला, आणि मग सगळे हसले, मुकादमही हसले. रंगारी हसू शकला नाही. त्याला उंच्याबरोबर कोपऱ्यावर जायचं होतं, आणि त्याआधी मुकादमांनी त्याला असं काही ओढलं की त्याच्या टाचाच काय, चवडेसुद्धा जमीन सोडून गेले.

संध्याकाळी घरी जाताना मुकादम वाट वाकडी करून मौनीबाबाकडे गेले. रंगारी मागे होताच. मौनीबाबा गालाला फडकं बांधून खाटेवर बसला होता. मुकादमांनी उंबऱ्यातूनच विचारलं की बक्कल तू किती दिवसांपासून दाबतोयस? मौनीबाबाने खाली पाहिलं. शेवटी फडक्याआडून कसेबसे शब्द आले.

"तुझं मन मोडायचं नव्हतं."

"मन मोडलं असतं तर चार दिवस रडलो असतो," मुकादम म्हणाले. "आज मी कमरेतून मोडलो असतो."

मौनीबाबाचे डोळे भरून आले. मुकादम आत जाऊन त्याच्या शेजारी बसले. रंगारी बाहेर पायरीवर थांबला. दोन माणसांचं एकमेकांवर इतकं प्रेम असावं आणि त्या प्रेमापायीच एकाच्या जिवावर बेतावं, याचा विचार त्याच्या डोक्यातून जाईना. मौनीबाबाने मायेने बक्कल दाबलं होतं. मामींनी मायेने बटणं लावली होती. आणि त्याने स्वतः मानापोटी दोन बोटांनी ओढलं होतं. वाईट कुणीच नव्हतं, आणि सगळ्यांनी मिळून त्या माणसाला कोपऱ्यावर नेऊन उभं केलं होतं.

घरी बायकोला सगळं कळलं तेव्हा ती आधी खूप रडली, मग आईला फोन लावून तिच्यावर चिडली, मग वडिलांना उद्याच डॉक्टरकडे न्यायचं असं ठरवून मोकळी झाली. मुकादम खिडकीजवळच्या खुर्चीकडे न जाता नेहमीप्रमाणे भिंतीशी स्टुलावर बसले. जावईबापू, तुम्ही बसा खुर्चीवर, असं म्हणाले. गेटच्या बाहेरची जीभ परत आली होती. रंगारी खुर्चीवर बसला, पण त्याला नीट टेकता येईना. त्याला वाटत होतं, साइटवर बोलले ते बोलले, पण आता या घरात आपल्याला पूर्वीसारखी जागा नाही. सासऱ्याचा जीव ज्याच्या हातून जाता जाता राहिला, त्याला कोण मनापासून जावईबापू म्हणेल? मानाचे शब्द काय, तोंडावर म्हणता येतात.

सकाळी तो मागच्या खोलीच्या दारात बसून बुटाची नाडी बांधत होता. समोर सावली पडली. त्याने वर पाहिलं.

मुकादम उभे होते. अंगात धुतलेला सदरा, सगळी बटणं उघडी, आतली बंडी दिसत होती. हात दोन्ही बाजूंना सरळ सोडलेले, हनुवटी थोडी वर. शिडीच्या पायथ्याशी जोडीदारासमोर उभं राहावं तसे ते उभे होते, फक्त आज पाठ नव्हती, तोंड होतं. ज्या घरात त्यांनी जावयाला कधी पाण्याचा पेला उचलू दिला नव्हता, त्या घरात ते त्याच्यासमोर येऊन उभे राहिले होते. आत बायकोने ते पाहिलं, आणि हातातलं काम तसंच ठेवून ती लगबगीने पलीकडे निघून गेली.

रंगारी उठला. त्याने खालून सुरुवात केली. एकेक बटण, एकेक काज. मुकादम वर छताकडे बघत थांबले होते. गळ्याचं शेवटचं बटण लागलं. त्याने कॉलरची दोन्ही टोकं धरली, सरळ केली, आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, धरली तशी जोरात हिसकली. मुकादमांच्या टाचा उचलल्या.

"आता म्हणा की, जावईबापू," ते म्हणाले.

त्याने आतल्या खोलीलाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हटलं, "हा माझा."